तिसऱ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट

माणसाचं आयुष्य सत्याच्या पायावर उभं असतं. निदान निवृत्तीच्या समारंभात तरी तसं सांगतात. माझं आयुष्य तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या कॉन्टॅक्टवर उभं आहे, आणि तो कॉन्टॅक्ट मी सव्वीस वर्षांत एकदाही पाहिलेला नव्हता.

मी लिफ्ट तपासनीस आहे. सरकारी कागदांत लिफ्टला उद्वाहन म्हणतात. तोंडाने तसं म्हणणारा माणूस मला खात्यात अजून भेटायचाय. काम सरळ आहे. इमारतीत जायचं, दारं ओढून बघायची, दोरांवर टॉर्च मारायचा, टपावर चढायचं, खड्ड्यात उतरायचं आणि शेवटी इमारतीच्या वहीत ‘दोष नाही’ किंवा ‘दोष आहे’ असं लिहून सही करायची. आम्ही स्वतः शक्यतो जिन्याने जातो.

या नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा टेबलापलीकडे एकच गृहस्थ बसले होते. ते पुढे माझे साहेब झाले आणि त्याच्याही पुढे सासरे. माझी प्रमाणपत्रं त्यांनी बघितली नाहीत. चष्मा पुसत विचारलं, “‘वर येताय ना?’ बघता का?”

त्या काळी हा प्रश्न म्हणजे ‘जेवता का?’ असं विचारण्यासारखा होता. ‘वर येताय ना?’ ही दर गुरुवारी संध्याकाळी लागणारी विनोदी मालिका. चौथ्या मजल्यावर छत्र्यांच्या कंपनीचं ऑफिस. तिथले हेडक्लार्क दर भागात लिफ्टमध्ये शिरत, लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडके, वर गिऱ्हाईक खोळंबे, मालक जिन्यातून ओरडे, “वर येताय ना?” आणि हेडक्लार्क आतून अत्यंत शांतपणे उत्तर देत, “आलोच!” एवढंच. एकशे चौऱ्याऐंशी भाग. लोक दर गुरुवारी असे हसत, की जणू गेल्या गुरुवारी ती लिफ्ट धडपणे वर गेली होती.

“बघतो,” मी म्हणालो.

“मग सांगा, ती लिफ्ट का अडकते?”

“तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट.”

साहेबांनी फाईल मिटली. “सोमवारी या,” म्हणाले. दीड वर्षाने मुलगी दिली. लग्नात पाहुण्यांशी ओळख करून देताना त्यांनी माझं शिक्षण सांगितलं नाही, घराणं सांगितलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते प्रत्येकाला एवढंच सांगत होते, “हाच तो. कॉन्टॅक्ट.”

कॉन्टॅक्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण गोष्ट त्याच्यावरच लटकली आहे. जुन्या लिफ्टला प्रत्येक मजल्यावर लोखंडी जाळीचं सरकतं दार असतं. त्या दाराच्या कडेला पितळेची एक बोटभर पट्टी असते. दार पूर्ण लागलं की पट्टी जुळते आणि वीज पुढे जाते. दार जरा उघडं राहिलं, मग ते कुठल्याही मजल्यावरचं असो, की लिफ्ट असेल तिथे थांबते. त्यात विनोद काहीच नाही.

आता मी सव्वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता. मालिकेचा एकही भाग मी पाहिलेला नव्हता. मुलाखतीला जाताना खात्याच्या इमारतीचा जिना चढत होतो, तर तिसऱ्या मजल्यावर एक मेकॅनिक लिफ्टच्या दारापाशी गुडघे टेकून बसला होता. दातांत दोन स्क्रू. वरून कुठून तरी ठोकल्याचा आवाज येत होता; पण सरकारी इमारतीत कुणी ना कुणी ठोकत असतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मला घाम फुटला होता. मी त्याला म्हटलं, “दादा, लिफ्टबद्दल काय विचारतील हो?”

तो स्क्रू न काढता म्हणाला, “काहीबी विचारू दे. दाराचा कॉन्टॅक्ट सांगायचं.”

“आणि कुठल्या मजल्याचा म्हणाले तर?”

त्याने समोरच्या दाराकडे पाहिलं. “तिसऱ्या.”

पहिल्या पगारात मी टीव्ही घेतला आणि मालिका बघायला लागलो. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग भाग त्रेचाळीस आला. त्यात हेडक्लार्क वर अडकलेले आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर टायपिस्ट बाई जाळीच्या दाराला टेकून रडतायत. दारावर पितळी तीनचा आकडा. आणि दार घट्ट लागलेलं. पट्टी पट्टीत बसलेली, स्वच्छ दिसते. म्हणजे लिफ्ट कशानेही अडकली असेल, तिसऱ्या मजल्याच्या दाराने नाही.

माझं उत्तर चूक होतं. ते उसनं होतं हे तर आणखी वेगळं.

तेव्हापासून भाग त्रेचाळीस पुन्हा लागला की मी औषध आणायला बाहेर पडतो. माझ्या बायकोचं स्वतःचं औषधांचं दुकान असल्याने हे कारण तिला कधी फारसं पटलेलं नाही.

कुणी म्हणेल, यात भ्यायचं काय? बरोबर आहे. सव्वीस वर्षांनंतर नोकरी काढून घेत नाहीत, आणि मुलगी परत मागण्याइतका उत्साह साहेबांना ब्याऐंशीव्या वर्षी नव्हता. पण माझे वडील मी शाळेत असताना गेले. त्यानंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून चारचौघांत ‘हाच तो’ म्हणणारा माणूस मला एकच भेटला. तो हात मला घालवायचा नव्हता.

आणि साहेब साधे नव्हते. खात्यात शिरताच समोरच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही.’ ते त्यांनी रंगवून घेतलं. रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ते मोठ्याने वाचायला लावत. मीही वाचलं. माझा आवाज जरा बारीक आला, म्हणून त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

यंदा त्यांच्या कानावर आलं, की शेजारच्या शहरात मालिकेच्या चित्रीकरणाच्या जागा दाखवणारी सहल निघते, आणि ती लिफ्ट अजून चालू आहे.

“जाऊ या,” ते म्हणाले. “आयुष्यात हजारभर लिफ्टा तपासल्या. ही एकच राहिली. दर गुरुवारी डोळ्यांसमोर यायची आणि हात लावता यायचा नाही.”

“साहेब, गुडघे…”

“गुडघे लिफ्टमध्ये लागत नाहीत, जावईबापू.”

“अहो, घरातसुद्धा साहेब काय म्हणता?” बायको म्हणाली. हे ती चोवीस वर्षं म्हणते आहे. “आणि अप्पा, तुम्ही बघून करणार काय?”

“खात्री.”

“कसली?”

“यांच्या उत्तराची. बरोबर आहे हे मला माहीत आहे. पण डोळ्यांनी पाहायला नको?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. “माझं लग्न एका बटणावर ठरलं,” ती म्हणाली. “ते बघायला मीही येते.”

सहलीची बस बारा जणांची होती. मार्गदर्शक साठीचा, सडपातळ, खाकी शर्ट घातलेला. मालिकेत तो टपालवाला होता. एकोणीस भागांत आला होता आणि त्याला एकच वाक्य होतं, ‘सही करा.’ लोकांनी ते म्हणायला लावलं. त्याने म्हणून दाखवलं. खरोखर चांगलं म्हणत होता. एकोणीस भागांत माणूस त्याच एका वाक्यावर किती मेहनत करू शकतो हे कळत होतं. मग त्याने सगळ्यांना पुढे ‘आलोच!’ असं छापलेल्या पिवळ्या टोप्या वाटल्या. साहेबांनी टोपी उलटसुलट करून शिवण तपासली आणि घातली. त्यांना पूर्ण टक्कल आहे. उन्हाला बरी, म्हणाले.

पहिली जागा हेडक्लार्कची चहाची टपरी. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळत होती आणि दारावर पाटी होती, ‘येथे चहा मिळत नाही. येथे चहा मिळत होता हे आम्हाला माहीत आहे.’ आम्ही पाटीचा फोटो काढला.

दुसरी जागा बागेतला बाक, ज्यावर मालकांनी टायपिस्ट बाईंना मागणी घातली होती. जागा होती, बाक नव्हता.

“मूळ बाक कुठे गेला?” एका बाईंनी विचारलं.

“माझ्या घरी आहे,” टपालवाला म्हणाला. “तो सहलीत नाही.”

तिसरी जागा छत्र्यांच्या दुकानाची काच. ते पहिल्यापासून शिंप्याचं दुकान. चित्रीकरणाच्या दिवशी काचेत छत्र्या टांगत आणि शर्ट आत नेत. शिंपी आमच्याकडे बघून मान हलवत म्हणाला, “पंचवीस वर्षं झाली. अजून महिन्याला चार माणसं छत्री मागायला येतात. मी पण आता ठेवायला लागलोय.” साहेबांनी एक घेतली.

बसमध्ये साहेब मधल्या सीटवर छत्री उभी धरून बसले होते. मांडीवर त्यांची जुनी पिशवी. त्यात टॉर्च, तळहाताएवढा आरसा आणि सुती हातमोजे. निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली, तरी हातमोजे धुतलेले होते.

“पूर्वी हे शहर आपल्याच विभागात होतं,” ते म्हणाले. “मी निवृत्त झाल्यावर विभागाचे तीन तुकडे केले. ही लिफ्ट इथे आहे हे कळलं असतं, तर माझ्याच हाताने तपासली असती. चित्रीकरण कुठे चालतं ते तेव्हा कुणाला सांगत नसत ना.”

“हो ना,” मी म्हणालो.

“तुम्ही गप्प का? बस लागते?”

“अप्पा, त्यांना औषध आणायचंय,” बायको म्हणाली.

इमारत चार मजली, राखाडी, कोपऱ्यावर. पहिल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर, दुसऱ्यावर कॉम्प्युटरचा क्लास, तिसरा बंद, चौथ्यावर नाच शिकवतात. आत शिरल्यावर थंडावा आणि फिनेलचा वास. उजव्या हाताला जिना, समोर लिफ्टचं जाळीचं दार, काळा रंग, कडेला घासून घासून पिवळं झालेलं पितळ. बारापैकी नऊ जणांनी एकदम “आलोच!” म्हटलं. पहिल्या मजल्यावरून ड्रिलचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

इमारतीची देखभाल एक सत्तरीच्या बाई बघतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात कॅनव्हासचे बूट. साहेबांनी पिशवीतून हातमोजे काढून घातले तसं त्यांनी डोळे बारीक केले.

“तुम्ही बघायला आलात की तपासायला?”

“मी निवृत्त आहे,” साहेब म्हणाले. “हे जावई नोकरीत आहेत. पण यांचा हा विभाग नाही.”

“म्हणजे कुणीच नाही,” मावशी म्हणाल्या. “बघा मग.”

साहेब दाराजवळ गेले. वर टॉर्च मारला. दाराच्या चौकटीवर, मधोमध, स्क्रूची दोन रिकामी भोकं होती.

“इथे काय होतं?”

“तीनचा आकडा.”

“तळमजल्यावर?”

“तिसऱ्यावर अंधार असतो,” मावशी म्हणाल्या. “कॅमेरावाल्यांना उजेड लागायचा. मग इथेच आकडा लावायचे तीनचा आणि म्हणायचे, हा तिसरा मजला. चार लावला की चौथा. एकच दार आहे हे सगळं. ती बाई रडली ना टेकून, ती इथे रडली. मी खाली लादी पुसून दिली होती.”

मी भिंतीला हात लावला. भाग त्रेचाळीसमधलं ते घट्ट लागलेलं दार, ज्याच्यापायी मी वर्षानुवर्षं नको ती औषधं विकत घेतली, ते तळमजल्याचं होतं.

“मग लिफ्ट अडकायची कशाने?” साहेबांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. मुलाखतीत होता तसा. बायको माझ्याकडे बघत होती.

“अडकायची कुठे? पन्नास वर्षांत एकदा अडकली नाही. अडकवायचो.”

“कोण?”

“मी.” मावशींनी उजव्या हाताचं बोट वर केलं. “मी तिसऱ्या मजल्यावर उभी असायची. लिफ्ट माझ्यासमोरून वर गेली की खालून शिट्टी मारायचे. मग दार बोटभर ओढायचं. लिफ्ट थांबली. बोलणं झालं की परत शिट्टी. दार लावायचं. गेली वर.”

“तिसऱ्या मजल्याचं दार,” साहेब म्हणाले.

“मग काय सांगते?”

“कॉन्टॅक्ट तुटला की थांबायची.”

“ते तुमचं तुम्हाला माहीत. मी दार ओढायची.”

“एकशे चौऱ्याऐंशी वेळा?” टपालवाल्याने विचारलं. त्यालाही हे ठाऊक नसावं; तो नेहमी टपाल देऊन निघून जाई.

“जास्तच. ते आतले हेडक्लार्क मध्येच हसायचे, की परत पहिल्यापासून.”

साहेब थेट लिफ्टकडे वळले. आम्हा दोघांना घेऊन लिफ्टमध्ये शिरले. आत ‘चार माणसे’ अशी पाटी. तिसऱ्या मजल्यावर उतरले, गुडघ्यांना न विचारता खाली बसले, आरसा दाराच्या फटीत धरला आणि टॉर्च मारला.

“जावईबापू, या. बघा.”

मी बसलो. आरशात पितळेची पट्टी दिसत होती. बोटभर, झिजलेली, मधोमध खळगा पडलेली. एकशे चौऱ्याऐंशीपेक्षा जास्त वेळा.

“मालिका बघून ओळखलंत,” साहेब म्हणाले. “घरी बसून. तिसऱ्या मजल्याचं दार एकदाही दाखवलं नाही त्यांनी, तरी ओळखलंत!” आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता. उत्तर चूक निघालं असतं तर थोडी शोभा झाली असती आणि विषय संपला असता. आता ते बरोबर निघालं होतं, आणि माझं नव्हतं. मावशी जिन्याने वर येऊन पोचल्या होत्या, त्यांच्यामागे बाकीची पिवळ्या टोप्यांची मंडळी. साहेब त्यांच्याकडे वळले, माझा खांदा न सोडता म्हणाले, “हाच तो.” नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण सहलीला आलेला माणूस टाळीला कंजुषी करत नाही.

“मावशी, वही आणा,” साहेब म्हणाले. “तपासणीची. शेरा लिहितो. अधिकार नाही, पण लिहितो.”

मावशींनी भिंतीतल्या कपाटाचं कुलूप काढलं आणि एक जाडजूड, कापडी पाठीची वही आणली. पहिल्यापासूनची एकच वही. साहेबांनी चष्मा बदलला.

“आधी बघू या तेव्हा तपासायला कोण येत होतं. चित्रीकरण चालू असताना इतकी चोख लिफ्ट राखली, म्हणजे माणूस…”

पान उलटलं. आणखी एक. मग थांबले.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ‘प्रत्यक्ष तपासणी केली. दोष नाही.’ खाली सही. शेवटच्या अक्षराला मागे वळून आलेली शेपटी. ती सही माझ्या नेमणूकपत्रावर आहे. माझ्या लग्नाच्या नोंदणीवर आहे, वधूचे वडील या रकान्यात. इथे ती चार वर्षांच्या चार पानांवर होती. मालिका बरोबर चार वर्षं चालली.

“अप्पा,” बायको हळूच म्हणाली, “तुम्ही इथे आला होतात?”

साहेबांनी मान हलवली. नाही.

“कोण आलंय इथे!” मावशी म्हणाल्या. “त्या वर्षांत कुणी येत नव्हतं. मीच वही पिशवीत घालून जायची त्यांच्या ऑफिसात. बसने दीड तास. तिथे एक साहेब होते. वही पुढे ठेवायची, ते मान वर करायचे नाहीत. सही करून वही परत. चार वर्षांत मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. चकचकीत टक्कल तेवढं पाहिलं.” मग त्या थांबल्या. साहेबांकडे, पिवळ्या टोपीकडे, हातमोज्यांकडे बघितलं. “टोपी काढा बरं जरा.”

साहेबांनी टोपी काढली. मान आपोआप खाली गेली होती.

मावशींनी नीट निरखून पाहिलं. “हां,” म्हणाल्या. त्यात राग नव्हता. खूप दिवसांनी कुणी ओळखीचं भेटावं तसा आवाज होता.

मावशींनी पदराला पुसून पेन पुढे केलं. टपालवाल्याला तेवढं पुरलं असावं. वही, पेन आणि समोर खाली मान घातलेला माणूस दिसला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “सही करा.”

नऊ जण हसले. टपालवाला मात्र ओशाळला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं. “नको,” म्हणाले.

“अप्पा,” बायकोने विचारलं, “मग ते भिंतीवर कुणासाठी रंगवलं होतं?”

“इतरांसाठी,” साहेब म्हणाले. खोटं बोलणं त्यांना पूर्वीपासून जमत नाही, लिहिण्याचं वेगळं.

सहलीचा शेवटचा भाग म्हणजे अडकणं. तिकिटातच होतं ते. दोघा दोघांनी लिफ्टमध्ये उभं राहायचं, मावशी तिसऱ्या मजल्यावरून दार ओढणार, दोन मिनिटं मध्ये लटकायचं आणि चौथ्यावर उतरायचं. टपालवाल्याने वातावरण सावरायला घाईघाईने आम्हालाच पुढे घातलं. “आधी ज्येष्ठ नागरिक. आणि हे… तज्ज्ञ.”

“मी जिन्याने जाते वर,” बायको म्हणाली. “तुम्ही दोघं जा. तुम्ही सही केलेली आहे.”

जाळी ओढली. बटण दाबलं. तिसऱ्या मजल्याची जमीन खाली गेली, मावशींचे कॅनव्हासचे बूट खाली गेले, समोर विटांची भिंत आली. शिट्टी वाजली. लिफ्ट थांबली.

आत एक छोटा दिवा होता. साहेब छत्रीवर दोन्ही हात ठेवून भिंतीकडे बघत उभे होते. टोपी खिशात कोंबलेली. एका तासात ते वयाने बरेच पुढे गेले होते.

“एका दिवशी चाळीस-चाळीस वह्या यायच्या,” ते म्हणाले. “मी वाचत नसे.”

“हो, साहेब.”

“दर गुरुवारी ही लिफ्ट बघून म्हणायचो, या इमारतीचा तपासनीस झोपा काढतो काय?”

दोन मिनिटांतली पंचवीस सेकंदं गेली असतील. आणि मग, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणा, किंवा पुन्हा असं एकत्र अडकणं होणार नाही म्हणून म्हणा, मी सांगून टाकलं. घरी टीव्ही नव्हता हे सांगितलं. मालिका पाहिली नव्हती हे सांगितलं. जिना, मेकॅनिक, दातांतले स्क्रू, तिसरा मजला, सगळं. “उत्तर माझं नव्हतं, साहेब. मीही न बघताच सही केली.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग शोधला तर सापडला नाही. थोडं आश्चर्य होतं, आणि तेही मी समजत होतो त्याचं नव्हतं.

“हे तुम्ही सव्वीस वर्षं मनात ठेवलंत?”

“हो.”

“अहो, पण उत्तराचा काय संबंध?” ते म्हणाले. “मुलाखतीला पाच जणांना बोलावलं होतं. चौघे आपल्याच लिफ्टमध्ये अडकले. तो मेकॅनिक त्यांनाच काढत होता. ते ठोकत होते, ऐकू नाही आलं तुम्हाला? जागा त्याच दिवशी भरायची होती, नाहीतर परत गेली असती. जिन्याने आलेले तुम्ही एकटे. तुम्ही ‘लिफ्टला भूत अडवतं’ म्हणाला असतात, तरी मी ‘सोमवारी या’ म्हणालो असतो.”

वरून बायकोचा आवाज आला, “वर येताय ना?”

साहेबांनी नुसतं वर पाहिलं.

“मग ते लग्नात,” मी विचारलं. “सगळ्यांना सांगत होतात ते. ‘हाच तो. कॉन्टॅक्ट.’”

शिट्टी वाजली. खाली मावशींनी दार लावल्याचा खट्ट आवाज आला आणि लिफ्ट सुरळीत वर निघाली.

“ते होय,” साहेब म्हणाले. “तेव्हा तुमचं नाव माझ्या लक्षात राहत नसे.”